आयोवातल्या छोट्या गावात घर मांडताना

अमेरिकेत गेलेला मराठी माणूस बहुधा न्यू जर्सी, शिकागो, डॅलस किंवा बे एरियात सापडतो. तिथे मराठी मंडळ असतं, भारतीय किराणा हाकेच्या अंतरावर असतो, शेजारच्या इमारतीत कुणीतरी पुण्याचं निघतंच. पण दरवर्षी काही जण वेगळ्या वाटेने जातात. जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर रेसिडेन्सी, म्हणजे इस्पितळातलं प्रशिक्षण, केलेल्या डॉक्टरला दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं तर ती माफ होऊ शकते, आणि टंचाईचे हे भाग बऱ्याचदा खेड्यांतच असतात. यासाठी प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा मिळतात. कुणी आयोवातल्या ग्रिनेलसारख्या कॉलेजच्या गावात शिकवायला जातं, कुणी पेलाला व्हरमीरच्या यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून, कुणी फेअरफील्डच्या महर्षी विद्यापीठात कॉम्प्युटर शिकायला.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. आणि त्यांच्याबरोबर डिपेंडंट व्हिसावर जाणाऱ्या जोडीदारासाठी तर जास्तच, कारण नोकरी करणाऱ्याला दिवसभर माणसं भेटतात, घरी राहणाऱ्याला ती शोधावी लागतात. मी अमेरिकेच्या मध्यभागातलं आयोवा हे राज्य डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. नेब्रास्का, कॅन्सस आणि दक्षिण मिनेसोटातही बरंचसं असंच आहे.

पुढचं सगळं ज्या एका गोष्टीवर उभं आहे ती आधीच सांगते. या गावांत ओळख बोलण्यातून कमी आणि दिसण्यातून जास्त होते. ठरावीक वेळी ठरावीक जागी तुम्ही दिसत राहिलात की लोक तुम्हाला आपल्यात धरू लागतात. त्याला महिने लागतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत कुणी घरी बोलावलं नाही म्हणून लोक तुसडे आहेत असं ठरवू नका.

निघण्यापूर्वी

आयोवात ९९ काउंट्या (आपल्या तालुका-जिल्ह्यासारखे भाग) आहेत, आणि काउंटीच्या मुख्य गावात मधोमध चौक, चौकात कोर्टहाऊस, भोवती दुकानं अशी रचना बऱ्याच ठिकाणी दिसते. तुमचं गाव असं मुख्य गाव आहे का ते पहिलं बघा. असेल तर किराणा, औषधांचं दुकान, वाचनालय गावातच मिळण्याची शक्यता मोठी. नसेल तर कदाचित धान्याचे उंच कोठार, टपाल कचेरी, एक-दोन चर्च आणि केसीज एवढंच असेल. केसीज म्हणजे पेट्रोल पंपाला जोडलेलं दुकान. १९६८ साली आयोवातल्याच बून गावात ते सुरू झालं, आणि कित्येक खेड्यांत गरम जेवण मिळण्याची तीच एक जागा आहे. तिथला पिझ्झा खरोखर चांगला असतो. राज्यात ९०० हून अधिक गावं आहेत आणि त्यांतल्या अर्ध्याहून अधिक गावांची वस्ती हजाराच्याही आत आहे.

मग अंतरं लिहून काढा: मोठं किराणा दुकान, इस्पितळ, विमानतळ, भारतीय किराणा. इस्पितळाबाबत नीट चौकशी करा. खेड्यांतली बरीच इस्पितळं ‘क्रिटिकल अ‍ॅक्सेस’ या १९९७ च्या कायद्याने आलेल्या प्रकारात मोडतात. त्यांना जास्तीत जास्त २५ खाटा ठेवता येतात, आणि मोठ्या आजाराचा रुग्ण हेलिकॉप्टरने किंवा रुग्णवाहिकेने शहरात हलवला जातो. यांतल्या अनेक ठिकाणी आता बाळंतपणं होत नाहीत. घरात बाळाची चाहूल असेल तर घराच्या भाड्याच्याही आधी हा प्रश्न विचारा.

भाड्याची घरं वेबसाइटवर फारशी दिसत नाहीत. ज्या संस्थेने नोकरी दिली तिथल्या कर्मचाऱ्यांना सरळ सांगा की घर हवंय. त्यांच्यापैकी कुणाची तरी मावशी घर भाड्याने देत असते. घर बघताना तळघर आहे का ते बघा. कारण पुढे येईलच.

पहिला आठवडा

गाडी चालवायला येत नसेल तर दोघांनीही शिका. एकाला येतं एवढ्यावर भागवू नका. इथे बस नाही, रिक्षा नाही, ओला-उबर जवळजवळ नाही, आणि ज्याला गाडी येत नाही तो घरात अडकतो. मला विचाराल तर नव्याने आलेल्या जोडप्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काम हेच. लायसन्सचं काम आयोवाच्या बहुतेक काउंट्यांत कोर्टहाऊसमधल्या ट्रेझररच्या कचेरीत होतं. रांग छोटी असते आणि खिडकीपलीकडची बाई तुम्ही कुठून आलात, थंडीचे कपडे घेतलेत का, हे विचारतेच. तिला घाईत उत्तर देऊ नका. ती गावातल्या अर्ध्या माणसांना ओळखते.

रस्ते समजायला सोपे आहेत. १७८५ च्या जमीन कायद्याने हा मुलूख एक मैल बाय एक मैल अशा चौकोनांत आखला गेला. एका चौकोनात ६४० एकर. म्हणून विमानातून बघितलं तर खाली बुद्धिबळाचा पट दिसतो, आणि दर मैलाला बहुधा एक आडवा रस्ता भेटतो. यातले बरेच खडीचे आहेत. खडीवर गाडी मधोमध चालवायचा मोह होतो, पण चढाच्या माथ्यावर नेहमी उजवीकडे सरका, कारण पलीकडून येणारा दिसत नाही. ‘लेव्हल बी’ अशी पाटी दिसली तर तो निव्वळ मातीचा रस्ता असतो. फोनवरचा नकाशा तुम्हाला खुशाल त्यावर पाठवेल. पाऊस झाला असेल तर जाऊ नका, गाडी चाकांच्या आसापर्यंत रुतते.

गावाच्या वेशीवर ५५ मैलांची मर्यादा एकदम ३५, मग २५ वर येते. ती पाळा. चार बाजूंनी थांबण्याची पाटी असलेल्या चौकात जो आधी आला तो आधी जातो. एकाच वेळी आलात तर उजवीकडच्याचा मान पहिला. प्रत्यक्षात दोघंही एकमेकांना ‘तुम्ही जा’ म्हणत थांबून राहतात.

खडीच्या रस्त्यावर समोरून येणारा चालक स्टिअरिंगवरून एक-दोन बोटं उचलतो. तुम्हीही उचला. तो तुम्हाला ओळखत नसला तरी प्रत्येकासाठी हे करतो. आयोवाच्या नंबर प्लेटवर खाली काउंटीचं नाव असतं, म्हणून तुमची गाडी त्याच काउंटीची आहे हे त्याला दिसतं. परत बोट न उचलणारी गाडी कुणाची, हेही लक्षात राहतं.

टपालाचं म्हणाल तर छोट्या गावांत कित्येकदा घरपोच टपाल येत नाही, कचेरीत पेटी घ्यावी लागते. २०१२ नंतर हजारो खेड्यांतल्या कचेऱ्यांची वेळ कमी होऊन दिवसाला सहा, चार किंवा दोनच तास राहिली आहे. दारावरची वेळ बघून ठेवा. घराबाहेर पेटी असेल तर तिच्यात टपालाखेरीज काही टाकणं कायद्याने मना आहे. दिवाळीचं आमंत्रण शेजाऱ्याच्या पेटीत ठेवून येऊ नका, हातात द्या. त्या निमित्ताने दार तरी वाजवता येतं.

आवाज ओळखून घ्या

गाव शांत आहे म्हणजे आवाज नाहीत असं नाही. उलट आवाज इतके थोडे आहेत की प्रत्येकाला अर्थ आहे, आणि तो माहीत नसला की नवा माणूस दचकतो.

अनेक गावांत रोज दुपारी बाराला भोंगा होतो. ती फक्त वेळ सांगण्याची जुनी पद्धत. तोच भोंगा भलत्या वेळी, आभाळ काळंहिरवं असताना, लांबत वाजत राहिला तर तो टोर्नेडोचा, म्हणजे जमिनीवरच्या चक्रीवादळाचा. हवामान खात्याचा ‘वॉच’ म्हणजे वादळाला पोषक हवा आहे, लक्ष ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ दिसलं आहे किंवा रडारने पकडलं आहे, तळघरात जा. तळघर नसेल तर खालच्या मजल्यावरची खिडकी नसलेली आतली खोली, बहुतेक वेळा न्हाणीघर. बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ घ्या, कारण झोपेत फोनचा आवाज बंद असतो. १० ऑगस्ट २०२० ला आयोवावरून डेरेचो नावाचं सरळ रेषेतलं वादळ गेलं. सीडर रॅपिड्स भागात वाऱ्याचा वेग ताशी १४० मैलांपर्यंत गेल्याचा अंदाज आहे. कित्येक घरांत अनेक दिवस वीज नव्हती. पाणी, टॉर्च, कोरडा खाऊ हे तळघरात कायम ठेवावं ते अशा दिवसांसाठी.

रात्री आगगाडीची शिटी येईल: दोन लांब, एक आखूड, एक लांब. रस्त्यावरच्या प्रत्येक फाटकाआधी ती देण्याचा नियम आहे. पंधरवड्यात कानाला सवय होते. ऑक्टोबरमध्ये मका वाळवणारे मोठे पंखे कोठारांपाशी रात्रभर घोंघावतात. शेतावर त्या दिवसांत कुणी नीट झोपलेलं नसतं, म्हणून तक्रार मनातही आणू नका. आणि आवाजाबरोबर वासाचंही सांगायला हवं. आयोवात डुकरांची संख्या माणसांच्या सुमारे सात पट आहे. खत शेतात सोडतात तेव्हा, म्हणजे मुख्यतः कापणीनंतर आणि पेरणीपूर्वी, खिडक्या लावून घ्या आणि कपडे घरात वाळवा. याबद्दल चारचौघांत नाक मुरडणं लोकांना लागतं, कारण गावाची भाकरी त्यावर चालते.

पहिला महिना: एक जागा धरा

आता मुख्य मुद्दा. एक जागा निवडा आणि दर आठवड्याला त्याच वेळी तिथे जा. वाचनालय ही सर्वांत सोपी सुरुवात. अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून सोळाशेहून अधिक सार्वजनिक वाचनालयं बांधली गेली आणि त्यांतली शंभरच्या आसपास आयोवात आली. त्यामुळे छोट्या गावातही वाचनालयाची देखणी विटांची इमारत असू शकते. कार्ड फुकट, इंटरनेट फुकट, लहान मुलांसाठी गोष्टींचा तास. मूल असेल तर त्या तासाला जाच, तिथे दुसऱ्या आया भेटतात. मूल नसेल तर पुस्तकं लावायला मदत करू का म्हणून विचारा. तुमच्या डिपेंडंट व्हिसावर पगारी काम करता येत नसेल तरी अशा स्वयंसेवेला सहसा आडकाठी नसते. फक्त जिथे त्याच कामाचे इतरांना पैसे मिळतात ते काम फुकटात अंगावर घेऊ नका.

दुसरी जागा सकाळच्या कॉफीची. कॅफेत, केसीजमध्ये किंवा धान्याच्या सहकारी संस्थेत पहाटे सहा-सातला शेतकरी एका टेबलाशी जमतात. त्यांच्या खुर्च्या ठरलेल्या असतात, तिथे बसू नका. शेजारच्या टेबलावर बसा, मान डोलवा, आपली कॉफी प्या. काही आठवड्यांनी त्यांच्यातला एक जण हवेबद्दल काहीतरी बोलेल. हवा हा इथे वेळ घालवण्याचा विषय नाही, पोटापाण्याचा आहे, म्हणून मनापासून उत्तर द्या. लातूर, वाशीम, अमरावतीकडचे असाल तर तुमच्याकडे बोलायला आयतंच आहे. सोयाबीन तिथेही पिकतं आणि इथेही, आणि शिकागोच्या बाजारातला भाव दोन्हीकडच्या शेतकऱ्याला जाऊन भिडतो. आपल्याकडे सरासरी शेतकऱ्याची जमीन तीन-साडेतीन एकर आहे हे ऐकून ते थक्क होतात, कारण इथलं सरासरी शेत साडेतीनशे एकरांच्या आसपास. मात्र एखाद्याला ‘तुमची जमीन किती एकर?’ असं थेट विचारू नका. ते पगार विचारण्यासारखं मानतात.

साप्ताहिक वृत्तपत्राची वर्गणी भरा. त्यात शाळेचे सामने, निधनवार्ता, काउंटीच्या बैठका, कुणाच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, सगळं असतं. त्यांना कमी लेखू नका: स्टॉर्म लेक या गावातल्या घरगुती म्हणावं अशा स्टॉर्म लेक टाइम्सला २०१७ साली अग्रलेखांसाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि ते मोठ्या शेती-उद्योगांना प्रश्न विचारल्याबद्दल.

लोक एक प्रश्न हमखास विचारतात: तुम्ही कुठल्या चर्चला जाता? बहुतेक वेळा त्यात धर्म बदलण्याचा आग्रह नसतो. गावात तुमची माणसं कोणती, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं. आम्ही हिंदू आहोत, आमचं देऊळ मॅड्रिडला आहे, असं साधं सांगा. आयोवाचं हिंदू मंदिर खरंच मॅड्रिड नावाच्या छोट्या गावाजवळ, मक्याच्या शेतांत उभं आहे. गणपतीत आणि दिवाळीत दोन-दोन तास गाडी चालवून लोक तिथे येतात. तुम्ही ज्या काउंटीत एकटे आहात असं वाटतं तिथला दुसरा मराठी माणूस कदाचित त्या रांगेतच भेटेल.

डबा घेऊन जेवायला

पॉटलकचं बोलावणं आलं म्हणजे पहिलं दार उघडलं. नाही म्हणू नका. प्रत्येक जण एक पदार्थ आणतो, तो लांब टेबलावर मांडला जातो आणि वयस्कर मंडळी आधी वाढून घेतात. शाकाहारी असाल तर जपून: फरसबीच्या भाजीत बेकन असतं, रंगीत जेलीत जिलेटिन असतं, सूप बहुधा चिकनच्या पाण्यात केलेलं. म्हणून स्वतःचं पोट भरेल असाच पदार्थ न्या. कमी तिखटाची बटाट्याची भाजी, मसालेभात, गोडाचा शिरा हे चालतात. चिठ्ठीवर नाव आणि त्यात काय आहे ते लिहा, शेंगदाणा किंवा काजू असेल तर ठळक लिहा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इथे गंभीर असू शकते आणि आपण कूट सगळ्यात घालतो. भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर तुमचं नाव टाका, म्हणजे ते परत येईल. शेजारणीने कॅसेरोलचं भांडं आणून दिलं तर ते आपल्या रीतीप्रमाणेच रिकामं परत करू नका. दोन लाडू ठेवून द्या.

कधी दारावर, बँकेत, दुकानात एक कागद लावलेला दिसेल: अमुक माणसाला कर्करोग झाला आहे, शनिवारी फायर स्टेशनमध्ये स्पॅगेटीचं जेवण, स्वेच्छा देणगी. तुम्ही त्याला ओळखत नसलात तरी जा. बरणीत जमेल ती नोट टाका, जेवा, ताटं उचलायला हात लावा. इथल्या अग्निशमन दलात बहुतेक स्वयंसेवकच असतात, म्हणजे तुमच्या घराला आग लागली तर विझवायला येणारा माणूस हाच वाढप करणारा. या जेवणांइतकं गाव समजण्याचं ठिकाण मला दुसरं माहीत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी शरद ऋतूत सगळं गाव शाळेच्या अमेरिकन फुटबॉलला असतं. खेळ कळला नाही तरी चालेल. गोधडी घेऊन जा, बाक लोखंडी असतात.

हिवाळा

खरी परीक्षा नोव्हेंबर ते मार्च. डिसेंबरात पावणेपाचला सूर्य मावळतो. तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत जाऊ शकतं आणि वारा ते आणखी बोचरं करतो. गाडीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च, खाऊ, जास्तीचे मोजे ठेवा. बर्फात गाडी अडकली तर गाडी सोडून चालत निघू नका. गाडीच्या धूर सोडणाऱ्या नळीवरचा बर्फ काढून इंजिन थोड्या थोड्या वेळाने चालू करा. त्याआधीच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. एक गेलं की मागून दुसरं येतंच असं धरून चाला, आणि चुकवायला गाडी खड्ड्यात घालू नका.

सकाळी उठून बघाल तर तुमच्या दारापुढचा बर्फ कुणीतरी यंत्राने काढलेला असेल. पैसे देऊ करू नका, त्याला ते आवडणार नाही. काहीतरी गोड करून न्या, दारात पाच मिनिटं बोला. पुढच्या वेळी शेजारच्या म्हाताऱ्या बाईची पायवाट तुम्ही मोकळी करा. मदत मागायची मात्र तुम्हालाच. ‘काही लागलं तर सांगा’ असं एकदा म्हटलं की ते विषय संपवतात, पुन्हा विचारणं त्यांना आगाऊपणा वाटतो. त्यामुळे त्यांनी विचारलं नाही म्हणून रुसून बसू नका, फोन करा.

या महिन्यांत एकटेपणा गडद होतो, विशेषतः दिवसभर घरी असणाऱ्याला. आठवड्यातली ती ठरलेली जागा थंडीचं कारण सांगून सोडू नका. मन फारच खचलं तर ९८८ हा क्रमांक देशभर कुठूनही, चोवीस तास फुकट लागतो. दवाखान्यात डॉक्टरांना सांगायलाही लाजू नका. गावातल्या लोकांनाही हिवाळा जड जातो, फक्त ते बोलत नाहीत.

बर्फ वितळल्यावर

काउंटी एक्स्टेन्शनची कचेरी शोधा. १९१४ च्या कायद्याने विद्यापीठातलं शेतीचं ज्ञान गावोगाव पोचवायला ही यंत्रणा उभी राहिली. माती तपासायची असो, टोमॅटोवरची कीड असो, तिथे विचारता येतं. आयोवात दव गोठवणाऱ्या थंडीची शेवटची रात्र मेच्या मध्यापर्यंत येऊ शकते, तोवर मिरची-वांगी बाहेर लावू नका. मेथी आणि कोथिंबीर आधी पेरली तरी चालते. जून-जुलैत इतकी उगवते की वाटावी लागते.

जुलैत काउंटीचा मेळा भरतो, मुलं आपली वासरं आणि डुकरं घेऊन येतात. भाज्या, लोणची, शिवणकाम, रजया यांच्या स्पर्धा प्रौढांसाठीही खुल्या असतात. नियम आणि शेवटची तारीख मेळ्याच्या आधीच जाहीर होते, तेव्हा जूनमध्येच विचारून ठेवा. लोणच्याच्या गटात आंब्याचं लोणचं घ्यायचं का, हेही आधी विचारा. कित्येक ठिकाणी घरी टिकवलेल्या पदार्थांसाठी तपासलेलीच पाककृती लागते. गोधडी मात्र थेट रजयांच्या गटात देता येईल. जुलैच्याच शेवटच्या आठवड्यात हजारो सायकलस्वार मिसुरी नदीपासून मिसिसिपीपर्यंत राज्य ओलांडतात. १९७३ पासून ही यात्रा चालू आहे, आणि दर वर्षी मार्ग बदलतो. तुमचं गाव मार्गावर आलं तर ‘पाय’ नावाचा भट्टीत भाजलेला गोड पदार्थ आणि लिंबू सरबत विकायला हात कमी पडतात. नाव नोंदवायला वाचनालयात किंवा नगरपालिकेत विचारा, आणि सकाळी सहाला हजर राहा.